माहेरचे नाव, सासरचे नाव

१

दिवाळीच्या सुटीत मुलांचे भांडण कशावरून जुंपेल याचा नेम नसतो. फटाक्यांवरून, शेवटच्या चकलीवरून, किल्ल्यावरच्या मावळ्यांवरून जुंपलेली भांडणे मी लहानपणी केली आहेत आणि पुढे सोडवलीही आहेत. पण गेल्या दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या घरी जो तंटा उभा राहिला, तो सोडवण्याची विद्या माझ्यापाशी नव्हती. एक पक्ष पुण्याच्या अर्णवचा, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलाचा, दुसरा मल्हारचा. मल्हार माझ्या मुलीचा मुलगा, लहानपणापासून टोकियोत वाढलेला. दोघेही अकरा वर्षांचे, आणि दोघांनाही 'पोकेमॉन' या जपानी व्हिडिओ गेमचे व त्यावरच्या चित्रमालिकेचे वेड. तेव्हा दोघांचे सूत लगेच जुळेल, असे आम्हां वडीलधाऱ्यांना वाटले होते. घडले उलटेच.

"माझा बल्बासॉर तुझ्या सगळ्यांना हरवेल," अर्णव म्हणाला.

"बल्बासॉर? असा कुणी नाहीच. त्याचं नाव फुशिगिदाने."

"आणि हीरोचं नाव काय? ॲश ना?"

"ॲश कोण? सातोशी!"

खेळ तोच, प्राणी तेच, गोष्ट तीच. आणि तरीही दोन सख्ख्या आतेमामेभावांना एकमेकांचे बोलणे कळेना. न्यायनिवाड्यासाठी दोघे माझ्याकडे आले. मी चष्मा पुसू लागलो. इतक्यात ओसरीवर चिंच लावून तांब्याचे घंगाळ घासत बसलेली माझी आई म्हणाली, "अरे, दोन नावं असली म्हणून काय झालं? मलासुद्धा दोन आहेत." आणि तिने घंगाळ फिरवून काठावरची टिंबाटिंबांची अक्षरे पोरांना दाखवली. तिथे 'मथुरा' असे नाव घातलेले होते.

"पण पणजी, तुझं नाव तर सुनंदा!" अर्णव म्हणाला.

१९५८ साली आई लग्न होऊन या घरात आली, तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले. कारण साधेच होते. घरात थोरल्या जाऊबाईंचे नाव मथुराच होते, आणि एका स्वयंपाकघरात दोन मथुरा असल्या तर हाक कोणी ऐकायची? आईला कोणी विचारले नव्हते. तशी पद्धतच नव्हती. पण माहेरून आलेल्या घंगाळावरचे नाव मात्र कोणी पुसले नाही.

मुले पुन्हा खेळायला पळाली. माझ्या मनातून मात्र ती गोष्ट जाईना. पुढले काही महिने मी मल्हारच्या आईला पत्रे पाठवून, अर्णवला शेजारी बसवून घेऊन, या जपानी खेळांतील नामांतराचा मागोवा घेतला. हा विषय पोरखेळ नव्हे, आणि आपल्या वाङ्मयाला तो परकाही नव्हे, अशी माझी खात्री झाली आहे. ती का झाली, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

२

ज्या वाचकांनी हे खेळ कधी हाती घेतले नसतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. कादंबरीतील पात्राचे नाव आपण वाचतो, नाटकातील ऐकतो. व्हिडिओ गेममध्ये खेळणारा स्वतःच त्या पात्राच्या अंगात शिरून वावरतो, महिनोन्‌महिने. त्यामुळे येथे नावाची सलगी फार. शिवाय जपानी खेळकर्त्यांना नावाकडून नुसती ओळख नको असते. काही काम करून घ्यायचे असते.

याचे फार जुने आणि फार सुंदर उदाहरण 'पॅक-मॅन' या खेळाचे आहे. तोरू इवातानी यांनी योजलेला हा खेळ १९८० साली नामको या कंपनीने जपानात आणला. एक वाटोळे पिवळे तोंड चक्रव्यूहातून ठिपके खात पळते आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. तोंडाची उघडझाप होताना जपानी माणसाच्या कानी 'पाकु पाकु' असा आवाज येतो, आपण 'मचमच' म्हणतो तसा. म्हणून नाव 'पक-मॅन'. अमेरिकेत मात्र यंत्रावरच्या इंग्रजी नावातील पहिल्या अक्षराची एक कड खरवडली की त्याची अर्वाच्य शिवी होते, आणि ती खरवडणारी पोरे गल्लोगल्ली आहेत, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. त्यांनी एक स्वर बदलून नाव 'पॅक-मॅन' केले, आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. हा बदल शहाणपणाचा होता, यात शंका नाही.

भुतांची गोष्ट वेगळी आहे. जपानीत त्यांची स्वभावनामे अशी : लाल भूत 'ओइकाके', म्हणजे पाठलाग करणारे, गुलाबी 'माचिबुसे', म्हणजे दबा धरून बसणारे, निळे 'किमागुरे', म्हणजे लहरी, आणि नारिंगी 'ओतोबोके', म्हणजे वेड पांघरणारे. ही नावे उगाच ठेवलेली नाहीत. लाल भूत खरोखरच सरळ पाठीशी लागते. गुलाबी भूत आपल्या पुढची जागा हेरून तिथे जाऊ पाहते. निळ्याची चाल आपल्या आणि लाल भुताच्या जागेवर मिळून ठरते, म्हणून ती लहरी भासते. नारिंगी लांबून चालून येते आणि जवळ आले की, जणू काही ठाऊकच नाही अशा थाटात, आपल्या कोपऱ्याकडे वळते. म्हणजे ज्याला नावे कळली त्याला खेळाची अर्धी गुरुकिल्ली मिळाली. इंग्रजीत गुलाबी भुताला 'स्पीडी', म्हणजे चपळ, म्हटले. वस्तुतः ते इतरांहून चपळ नाही. निळ्याला 'बॅशफुल', म्हणजे लाजाळू, केले. नाव गोड झाले, पण खोटे झाले.

आणि तरीही त्याच इंग्रजी भाषांतरकर्त्याला एक जागा अशी सुचली की दाद द्यावी. चौघांची लाडकी नावे त्याने ठेवली : ब्लिंकी, पिंकी, इंकी आणि… क्लाइड. तीन यमके जुळवून चौथ्या वेळी यमक मोडले. ते चौथे भूत म्हणजे तेच, ऐनवेळी बाजूला होणारे! घोळक्यातून फुटणाऱ्याचे नावही घोळक्यातून फुटलेले. अर्थ गेला तो गेला, पण ध्वनीने त्याची थोडी भरपाई केली. नामांतराची परीक्षा करताना नेहमी हे दोन्ही पाहावे लागते : काय हरवले आणि त्या जागी काय आले.

आता आमच्या घरच्या तंट्याकडे वळू. पोकेमॉनचे पहिले खेळ जपानात १९९६ साली आणि अमेरिकेत १९९८ साली आले. जपानी कानालिपीत आपल्या बाराखडीप्रमाणे बहुधा एका चिन्हात व्यंजन आणि स्वर दोन्ही मावतात. त्या खेळांत प्राण्याच्या नावाला पाच चिन्हांची जागा होती. तेवढ्यात त्या लोकांनी काय काय बसवले, ते पाहण्यासारखे आहे. 'फुशिगि' म्हणजे नवल आणि 'ताने' म्हणजे बी. जोडशब्दात 'ता'चा 'दा' होतो. पाठीवर बी घेऊन जन्मलेल्या बेडकासारख्या प्राण्याला हे नाव शोभतेच. पण हीच पाच अक्षरे तोडून म्हटली, 'फुशिगि दा ने', की वाक्य होते : 'नवलच आहे, नाही?' नाव घेताच आश्चर्य व्यक्त व्हावे अशी ही योजना. इंग्रजीने 'बल्ब', म्हणजे कंद, आणि डायनोसॉरचा 'सॉर' जोडून 'बल्बासॉर' केले. कंद आला, नवल गेले.

मी सहज मराठीत प्रयत्न करून पाहिला आणि 'नवलबी' हे नाव सुचले. अर्णवला ते 'आजीच्या मैत्रिणीसारखं' वाटले, म्हणून मी त्याचा आग्रह धरीत नाही. पण या निमित्ताने भाषांतरकर्त्याची अडचण मला कळली. शब्दकोशात शब्द सापडतो. अकरा वर्षांच्या मुलाला तोंडात घोळवावेसे वाटेल असे नाव तिथे सापडत नाही. 'हितोकागे' या नावात 'हि' म्हणजे आग आणि 'तोकागे' म्हणजे सरडा किंवा पाल. इंग्रजांनी त्याला 'चारमँडर' केले, फ्रेंचांनी 'सालामेश', जर्मनांनी 'ग्लुमांडा'. तिन्हींत आगीत राहणारा म्हणून युरोपच्या दंतकथांत गाजलेला सॅलमँडर आहे. पण एकीत तो करपवणारा आहे, दुसरीत त्याच्या शेपटीची वात झाली आहे, तिसरीत तो धगधगतो आहे. ही नावे एकमेकांची भाषांतरे नाहीत. एकाच चित्राकडे पाहून चार भाषांनी केलेली चार बारशी आहेत. अशा नामांतराला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही.

याहून सरस उदाहरण दोन लढवय्या प्राण्यांचे. जपानीत त्यांची नावे 'सावामुरा' आणि 'एबिवारा' अशा धर्तीची आहेत. पहिले नाव तादाशी सावामुरा या लाथाबुक्क्यांच्या खेळातील नामांकित योद्ध्यावरून, दुसरे हिरोयुकी एबिहारा या मुष्टियोद्ध्यावरून. जपानी घरात बापाने ते नाव वाचले की त्याला आपले तारुण्य आठवावे, ही त्यातली मौज. ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या पोराला ही नावे काय सांगणार? तिथे नावे झाली 'हिटमनली' आणि 'हिटमनचान'. एकात ब्रूस ली, दुसऱ्यात जॅकी चान. माणसे बदलली, पण नावाने करावयाचे काम तसेच्या तसे राहिले : लाथ कोण मारतो आणि ठोसा कोण लगावतो, हे कळते आणि एका प्रसिद्ध नावाची ओळखही पटते. अशा सुनेला सासरच्यांनी नवे नाव दिले, पण तिचा स्वभाव पाहून दिले, असे म्हणता येईल.

कधी तर नुसता नाद सांभाळूनही काम भागते. 'ॲनिमल क्रॉसिंग' या खेळातला दुकानदार जपानीत 'तानुकिची' आहे. तानुकी हा तिकडचा कुत्र्याच्या कुळातला प्राणी, लोककथांतला मोठा सोंगाड्या. इंग्रजीत त्याचे नाव 'टॉम नूक'. भरभर म्हणून पाहा. आत 'तानुकी' ऐकू येईल.

उलट 'रॉकमन'चे पाहा. १९८७ च्या या खेळात यंत्रमानव नायकाचे नाव रॉक आणि त्याच्या बहिणीचे नाव रोल. दोघे मिळून 'रॉक अँड रोल'. अमेरिकेत नायकाचा 'मेगा मॅन' झाला आणि बहीण मात्र 'रोल'च राहिली. जोडीतील एकाचे नाव बदलून दुसरे तसेच ठेवले, तर उरलेले नाव पोरके होते. राम-लक्ष्मणांतील रामाचे नाव बदलून लक्ष्मणाला तसेच उभे करण्यासारखे हे आहे.

३

आतापर्यंतची नामांतरे कमीअधिक यशस्वी म्हणता येतील. निदान ती नावाकडे पाहून केलेली आहेत. पण पुष्कळ नामांतरे नावाकडे न पाहताच होतात. त्यांच्या मुळाशी भीती तरी असते किंवा बाजाराविषयीचा एखादा अंदाज.

भीतीचे उदाहरण थोडे विनोदी आहे. 'स्ट्रीट फायटर २' या १९९१ च्या खेळात एक मुष्टियोद्धा आहे. जपानीत त्याचे नाव एम. बायसन. माइक टायसनशी त्याचे नाव आणि रूप दोन्ही इतके जुळत होते की अमेरिकेत खटला होईल अशी धास्ती कंपनीला वाटली. नवे नाव शोधावे, तर तेही नाही! तिने तीन खलनायकांची नावे आपसात फिरवली. मुष्टियोद्ध्याला 'बालरॉग' हे पंजावाल्या स्पॅनिश लढवय्याचे नाव दिले, त्या स्पॅनिश लढवय्याला 'वेगा' हे हुकूमशहाचे, आणि 'एम. बायसन' हे नाव गेले हुकूमशहाकडे. पुढे जपानी आणि अमेरिकन खेळाडू एका पटावर आले तेव्हा 'वेगा' म्हणजे नक्की कोण, यावर गोंधळ ठरलेला. अखेर खेळाडूंनीच तोड काढली. ते त्या तिघांना 'बॉक्सर', 'क्लॉ' आणि 'डिक्टेटर' म्हणू लागले. म्हणजे मुष्टियोद्धा, पंजावाला आणि हुकूमशहा. दोन घरांनी घातलेला गोंधळ गावाने टोपणनावांनी निस्तरला.

अंदाजाचे उदाहरण म्हणजे 'सुपर मारिओ'ची राजकन्या. १९८५ साली जपानात ती 'पीच' होती, आपल्या भाषेत सप्ताळू. अमेरिकेत तिला 'प्रिन्सेस टोडस्टूल' केले. ती आळंब्यांच्या राज्याची राजकन्या, एवढाच त्यामागचा विचार दिसतो. 'टोडस्टूल' म्हणजे आपल्याकडे जिला खेड्यात 'कुत्र्याची छत्री' म्हणतात ती. सप्ताळूची कुत्र्याची छत्री झालेली ही राजकन्या अमेरिकेतल्या एका पिढीने तशीच ओळखली. मग १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' या खेळात ती मारिओला एक चिठ्ठी लिहिते आणि खाली दोन सह्या करते : आधी टोडस्टूल आणि मग पीच. हा तपशील मला कळला तेव्हा घंगाळाच्या काठाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अकरा वर्षे सासरी काढून राजकन्येने आपले माहेरचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. त्यानंतर ते अमेरिकेतही पीचच राहिले.

पण अंदाज नेहमीच इतका निरुपद्रवी नसतो. १९९६ मध्ये 'पेर्सोना' हा खेळ अमेरिकेत आला, तेव्हा जपानी शाळकरी मुलांची नावेच नव्हे, तर चेहरेही बदलले. माकी ही 'मेरी' झाली, नानजो हा 'नेट' झाला, आणि मासाओ इनाबा या मुलाला सरळ कृष्णवर्णीय अमेरिकन करून टाकले. अमेरिकन मुलाला जपानी मुलाविषयी माया वाटणारच नाही, असे कोणी तरी गृहीत धरले होते. मला हा त्या मुलाचाच अपमान वाटतो. त्याला न विचारता त्याचे मन कोते ठरवले गेले. काळाने हा अंदाज खोटा ठरवला. २००८ मध्ये याच मालिकेचा चौथा खेळ इंग्रजीत आला, तो जपानी नावांसह. इतकेच नव्हे, तर 'सान', 'चान', 'सेन्पाइ' या आदराच्या व लाडाच्या प्रत्ययांसह. तो खूप गाजला. २००९ साली पहिलाच खेळ इंग्रजीत पुन्हा निघाला, तेव्हा त्या मुलांना त्यांची नावे आणि रूपे परत मिळाली.

४

येथे मराठी वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की नावे बदलणे हा एवढा दोष असेल तर आपल्या रंगभूमीचे काय? देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला. अत्र्यांनी चार्लीच्या आन्टची मोरूची मावशी केली. १९७५ साली पु. लं.नी शॉच्या एलायझाची मंजुळा केली आणि फुले विकणारी ती पोर अशी काही मराठी झाली की तिचे मूळ गाव लंडन हे सांगूनही खरे वाटू नये.

उत्तर या उदाहरणांतच आहे. ही पक्की रूपांतरे आहेत. मंजुळेचे नुसते नाव बदललेले नाही. तिचे उच्चार, तिचा बाप, तिची शिवी, तिची चाळ, सगळे बदलले आहे. नाव हे नव्या घराचा एक वासा म्हणून आले आहे. घर उभे आहे, म्हणून वासा शोभतो.

आता जपानचा 'ग्याकुतेन साइबान' हा न्यायालयीन खेळ घ्या. शू ताकुमी यांनी रचलेला हा खेळ २००१ साली जपानात निघाला आणि २००५ साली 'एस अटर्नी' या नावाने इंग्रजीत गेला. नायक वकिलाचे आडनाव 'नारुहोदो'. जपानी माणूस समोरच्याचे बोलणे पटले की 'नारुहोदो' म्हणतो. आपण 'असं होय!' म्हणतो त्यातला प्रकार. वकिलाचे आडनावच 'असं होय'! इंग्रजीत तो झाला फिनिक्स राइट. 'राइट' म्हणताच 'बरोबर' हा अर्थ उमटतो, आणि राखेतून उठणारा फिनिक्स हरता हरता खटला उलटवणाऱ्या वकिलाला शोभतो. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे आडनाव मित्सुरुगी. त्यात 'त्सुरुगी', म्हणजे तलवार, लपलेली आहे. इंग्रजीत तो एजवर्थ झाला आणि तलवारीची धार नावात राहिली. एकेक नाव पाहावे तर भाषांतरकाराचा हात धरावासा वाटतो.

पण नावांबरोबर गावही बदलले. टोकियोच्या जागी लॉस एंजेलिस आले. नायकाची मदतनीस जपानीत रामेन आवडीने खाते. इंग्रजीत ती बर्गर खाऊ लागली. आणि मग घोटाळा सुरू झाला. ही मदतनीस पितर अंगात आणणाऱ्या स्त्रियांच्या घराण्यातली. तिचा पोशाख जपानी, तिचे डोंगरातले गाव जपानी, घरातल्या चटया आणि पडदे जपानी. पुढच्या खेळांत तर जपानी भुताखेतांच्या दंतकथांवर उभे राहिलेले गावच्या गाव आले. ते कॅलिफोर्नियात कुठून आले? जपानी वसाहतवाल्यांची संस्कृती जिथे अडथळ्याविना फुलली असा हा एक कल्पित कॅलिफोर्निया समजावा, असा खुलासा भाषांतरकारांना पुढे करावा लागला. खुलासा चतुर आहे. पण झुंझाररावाला असल्या खुलाशाची गरज कधी पडली नव्हती. नाव बदलायचे तर घर बदलण्याची तयारी हवी. घर तेच ठेवायचे तर नावही ठेवावे. अर्धवट रूपांतर दोन्हीकडून उघडे पडते.

या गोष्टीचा शेवट मोठा मार्मिक आहे. याच मालिकेत पुढे मेइजी काळातील जपान आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन यांवर दोन खेळ निघाले. त्यांचा नायक हा आपल्या वकिलाचा पूर्वज, र्‍युनोसुके नारुहोदो. परदेशी गेलेला जपानी तरुण हाच कथेचा विषय असल्यामुळे त्याला अमेरिकन करणे शक्यच नव्हते. २०२१ साली हे खेळ इंग्रजीत आले तेव्हा नाव तसेच ठेवावे लागले. परिणामी इंग्रजी खेळाडूंच्या दृष्टीने पूर्वजाचे आडनाव नारुहोदो आणि वंशजाचे राइट! पुसलेले आडनाव आजोबा-पणजोबांच्या वाटेने परत आले.

त्याच खेळात जपानीत शेरलॉक होम्स आहे. इंग्रजीत तो 'हरलॉक शोम्स' झाला आहे, कारण त्याच्या हक्कांचे झंगट अजून पुरते सुटले नव्हते. मौज अशी की हे नाव नवे नाही. ल्युपँ या चोराच्या कथा लिहिणारे फ्रेंच लेखक मोरिस लब्लां यांनी १९०६ मध्ये आपल्या कथेत होम्सला आणले, कॉनन डॉइल यांनी हरकत घेतली, आणि लब्लां यांनी अक्षरांची अदलाबदल करून हाच हरलॉक शोम्स निर्माण केला. शंभरावर वर्षांपूर्वीची ती युक्ती जपानी खेळाच्या इंग्रजी अवताराने उसनी घेतली. भीतीपोटी केलेले नामांतरही कधी कधी असे खानदानी असते.

५

तर मग मूळ नावे जशीच्या तशी ठेवावीत, एवढाच निष्कर्ष काढायचा काय? तसे मी म्हणत नाही. 'नारुहोदो' ठेवले की तो परका, पण नुसता आवाज उरतो. 'असं होय' ही थट्टा गेलीच. शिवाय नाव एकदा रुळले की ते माणसांचे होते, कंपनीचे राहत नाही. याचा दाखला हाँगकाँगमध्ये मिळाला. पिकाचू हा पोकेमॉनांतला सर्वांत लाडका पिवळा प्राणी. 'पिका' ही विजेची चमक आणि 'चू' ही उंदराची चूंचूं. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत त्याला वर्षानुवर्षे 'बेइ-का-चिउ' म्हणत. २०१६ साली सर्व चिनी भाषकांसाठी एकच नाव ठरवण्यात आले. निवडलेली अक्षरे उत्तरेच्या मँडरिन उच्चारात मुळाशी जुळतात, पण कँटनीत ती 'पेइ-का-याउ' अशी वाचली जातात. लोक जपानी वकिलातीसमोर जमून निषेध करू लागले. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्यांना आपली बोलीच हळूहळू बाजूला सारली जात आहे असे वाटत होते, त्यांच्या दृष्टीने ती एका उंदराची गोष्ट नव्हती. आईला ऐंशीव्या वर्षी कोणी म्हटले असते की 'आजपासून तू पुन्हा मथुरा', तर तिलाही ते रुचले नसते. सुनंदा या नावाने तिने संसार केला होता, मुले वाढवली होती.

तेव्हा अर्णवचा ॲश खोटा नाही. त्याच्या बालपणाचे ते खरे नाव आहे. मला खटकते ती गोष्ट दुसरीच. सातोशी अमेरिकेत जाऊन ॲश झाला, आणि आपल्याकडे आला तो तिकडूनच, ते नाव घेऊन. खरे पाहता 'सातोशी' हे नाव मराठी तोंडाला 'ॲश'पेक्षा सोपे आहे. देवनागरीत ते काना-वेलांटीनिशी बिनचूक लिहिता येते. त्याला अमेरिकेत बारसे करून घेण्याची आपल्यासाठी काही गरज नव्हती. हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. 'डोरेमॉन' ही जपानी चित्रमालिका आपल्याकडे हिंदीतून आली ती मूळ नावांसह. नोबिता, शिझुका, जियान, सुनियो ही नावे आज खेड्यापाड्यांतील मुलांना ठाऊक आहेत. तीच मालिका २०१४ साली अमेरिकेत गेली तेव्हा नोबिताचा 'नोबी' झाला, शिझुकाची 'स्यू' आणि जियानचा 'बिग जी'. जे नाव कोरेगावच्या मुलाला जड गेले नाही, ते कॅलिफोर्नियाच्या मुलाला जड जाईल असे का मानावे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. नवे नाव देणाऱ्याला जुन्या नावाचे काम ठाऊक असले पाहिजे. ज्याला 'माचिबुसे' कळले आहे त्यानेच 'पिंकी' म्हणावे. आणि नाव बदलले तरी माहेराची खूण पुसली जाऊ नये. पूर्वी खेळाच्या कॅसेटमध्ये जागा इतकी तुटपुंजी असे की दोन भाषा ठेवणे परवडत नसे. आता ती सबब उरलेली नाही. कित्येक खेळांत जपानी आवाज ऐकत इंग्रजी अक्षरे वाचता येतात. फिनिक्स राइटच्या पहिल्या तीन खेळांचा २०१९ चा संच तर भाषा बदलून सबंध जपानीतही खेळता येतो. एक कळ दाबली की राइट पुन्हा नारुहोदो होतो. राजकन्येच्या दोन सह्यांसारखेच हे आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच घंगाळात दोन्ही पोरांचे अभ्यंगस्नान झाले. उटणे लावता लावता मी मल्हारला विचारले, "तुला तिकडे शाळेत काय म्हणतात रे?"

"मारुहारु," तो म्हणाला. "त्यांना 'ल' म्हणता येत नाही ना."

"मग तुला राग येत नाही?"

"नाही. ते मलाच हाक मारतात, तेवढंच त्यांना जमतं." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण वहीवर आई मल्हार लिहून देते. देवनागरीत."

अर्णवने तोवर अंगावर पाणी घेत आईला विचारले, "पणजी, तुला कुठलं नाव आवडतं गं? मथुरा की सुनंदा?"

आई ऊन पाणी विसणीत होती. "आता मथुरा म्हणून हाक मारणारं कोणी राहिलंय का?" ती म्हणाली. मग तांब्या बुडवता बुडवता म्हणाली, "पण कल्हईवाला येईल, तेव्हा त्याला एवढं सांगा, काठावरची अक्षरं घासू नकोस म्हणून."